मॉनिटर, प्रिंटर आणि नवरीची मामी

वरोऱ्यात नव्याने फोटो स्टुडिओ टाकणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

स्टुडिओ टाकायचं ठरलंच असेल, तर कॅमेरा, प्रिंटर, पासपोर्ट फोटोमागचा निळा पडदा, कंगवा आणि कोणाच्याही अंगाला बसेल असा एक सार्वजनिक काळा कोट एवढं सामान आतापर्यंत आणून झालं असणार. ही मार्गदर्शिका त्यापुढची आहे. मॉनिटरवर दिसतो तोच रंग कागदावर कसा उतरवायचा, एवढाच तिचा विषय. काम अवघड नाही. यंत्रं मिळतात, आकडे ठरलेले आहेत, आणि सांगितलं तसं केलं तर मॉनिटर आणि प्रिंटर दोघेही सरळ वागायला लागतात. नवरीची मामी सरळ वागेल याची हमी मात्र कोणतीही कंपनी देत नाही.

पायरी पहिली : भिंत

पैसे खर्च करायच्या आधी भिंतीकडे पाहा. स्टुडिओची भिंत बहुधा पिस्ता असते, गुलाबी असते, नाहीतर घराला लावून उरलेल्या रंगाची असते. तिच्यावरून परतणारा उजेड दिवसभर तुमच्या डोळ्यांत शिरतो, आणि डोळा फार लवकर जुळवून घेतो. थोड्याच वेळात त्याला पिस्ता हाच पांढरा वाटायला लागतो. मग मॉनिटरवरचा खरा पांढरा गुलाबी भासतो, तुम्ही तो गुलाबीपणा काढायला जाता, आणि प्रिंटमध्ये अख्खं वऱ्हाड हिरवट होऊन बाहेर पडतं.

मॉनिटरमागची आणि तुमच्या पाठीमागची, निदान एवढ्या दोन भिंती राखाडी करा. वडील म्हणतील, "अबे, दुकान होय का मसनवट?" तरी करा. मॉनिटरशेजारचं देवाचं कॅलेंडर दारावर न्या. देव रागावत नाही, पण त्यातला केशरी रंग नजरेत बसून राहतो. ट्यूबलाईट स्क्रीनवर थेट पडू देऊ नका. एडिटिंगला बसताना भडक शर्टही नको, कारण तो काचेत दिसतो. लग्नाच्या सीझनमध्ये स्टुडिओवाला मळकट राखाडी टी-शर्टमध्ये दिसला तर त्याला आळशी म्हणू नये, तो शास्त्र पाळतो आहे.

पायरी दुसरी : मॉनिटर

मॉनिटर सुरू केल्यावर अर्धा तास त्याला हात लावू नका. त्याचा उजेड स्थिर व्हायला तेवढा वेळ द्यावा लागतो. शेजारी चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे म्हणून लाईट जाणार नाही असं समजू नका. गेली की अर्धा तास नव्याने मोजायचा.

मग मेनूत जा आणि 'व्हिव्हिड', 'डायनॅमिक', 'गेम', 'आय केअर' असलं जे जे काही पोरांनी लावून ठेवलं असेल ते बंद करा. कॉम्प्युटरचं 'नाईट लाईट'ही बंद. ते सुरू राहिलं तर संध्याकाळी सात वाजल्यानंतर एडिट केलेली सगळी लग्नं सकाळी निळी निघतात.

आता ब्राइटनेस. स्टुडिओत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य "फोटो काळा काऊन आला भाऊ?" हे आहे, आणि त्याचं उत्तर शंभरातल्या बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये नसतं. नवा मॉनिटर पेटीतून निघतो तो दर चौरस मीटरला अडीचशे-तीनशे कँडेलाच्या झगमगाटात. दुकानात शेजारच्या मॉनिटरपेक्षा उठून दिसावा म्हणून कंपनीने तो तसा ठेवलेला असतो. फोटोच्या कामाला १०० ते १२० पुरतात. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. तुम्ही झगमगाटात चेहरा बरा दिसेपर्यंत काळा करत नेता आणि कागद तेवढाच काळा छापून देतो. यंत्र नसेल तर साधी परीक्षा करा : स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा फोटो पेपर धरा आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. पहिले दोन दिवस मॉनिटर आजारी वाटेल. तिसऱ्या दिवशी प्रिंट उजळ येईल.

यंत्र असेल तर उत्तमच. कलरीमीटर म्हणतात त्याला. माऊसएवढं असतं, वायरला बांधून स्क्रीनवर लोंबकळत सोडायचं. किंमत दहा-वीस हजारांच्या घरात, म्हणजे एकट्याने घेण्यासारखं नाही. गावातल्या चार स्टुडिओवाल्यांनी भिशी लावून एक घ्यावं. ते कोणाच्या कपाटात राहील यावरून भांडण होईल, त्याला इलाज नाही. सॉफ्टवेअर विचारेल तेव्हा पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड वर सांगितला तेवढा, एवढं भरा. मग स्क्रीनवर एकामागून एक रंगांचे चौकोन येतात. कोणता मागितला आणि प्रत्यक्षात कोणता आला याची यंत्र नोंद घेतं आणि शेवटी मॉनिटरचं प्रोफाइल बनवून देतं. हे चालू असताना खिडकी उघडू नका, चहा स्क्रीनसमोर धरू नका, आणि "हे काय लटकवलं?" विचारणाऱ्यांना बाहेर बसवा. महिन्यातून एकदा करायचं. पौर्णिमेला करा, म्हणजे लक्षात राहतं. यंत्र नाहीच मिळालं तर विंडोजमध्ये नजरेने जुळवायची सोय आहे. काहीच न करण्यापेक्षा बरी.

इथे थोडं विषयांतर. तुमच्या मॉनिटरचं सगळं गणित ज्यावर उभं आहे, तो 'प्रमाण डोळा' १९३१ साली ठरला. प्रकाशाच्या मोजमापाचं काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने तो ठरवला तो इंग्लंडमधल्या दोन संशोधकांच्या प्रयोगांवरून. राइट यांनी दहा माणसं बसवली होती, गिल्ड यांनी सात. त्यांनी एका छिद्रातून, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा रंगीत ठिपका पाहायचा आणि तांबडा, हिरवा, निळा उजेड कमी-जास्त करून तसाच रंग जुळवायचा. एकूण सतरा माणसं. एवढी आपल्याकडे चिमूरच्या एका काळीपिवळीत बसतात. त्या सतरांच्या डोळ्यांची सरासरी काढली आणि आज जगातला प्रत्येक मॉनिटर, प्रिंटर, कॅमेरा त्या सरासरीला मानतो.

दोन रंगांतला फरक मोजायचा आकडाही त्यातूनच पुढे आला. त्याला डेल्टा ई म्हणतात. एकच्या आत असेल तर माणसाला फरक दिसत नाही, दोन-तीन असेल तर शेजारी-शेजारी धरल्यावर दिसतो. नवरीच्या मामीला अर्धासुद्धा दिसतो, पण फक्त भाचीच्या चेहऱ्यावर. साडीत दहा असला तरी ती काही म्हणत नाही.

पायरी तिसरी : प्रिंटर

प्रिंटरचं प्रोफाइल म्हणजे काय हे पुस्तकात चार पानं समजावलेलं असतं. इथे दोन वाक्यांत : किराणा दुकानातला काटा किलोमागे पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो हे एकदा कळलं की तोच काटा वापरूनही बरोबर माल देता येतो. प्रिंटर निळा किती जास्त टाकतो, पिवळा किती चोरतो, याची अशी लिहून ठेवलेली जंत्री म्हणजे प्रोफाइल.

जंत्री एका प्रिंटरची, एका शाईची आणि एका कागदाची असते. तिघांतलं एक बदललं की ती रद्दी. त्यामुळे सहा रंगांच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये कंपनीची शाई संपली आणि नागपूरहून स्वस्तातली बाटली आणून ओतली, तर शाई चालेल, पण प्रोफाइल नवं करावं लागेल. ग्लॉसीच्या जागी मॅट आलं, तरी नवं. आणि ड्रायव्हरमध्ये 'प्लेन पेपर' ठेवून ग्लॉसीवर छापणाऱ्यांनी ही मार्गदर्शिका इथेच मिटवून ती सेटिंग बदलून यावं. बाकीचे थांबतील.

छापण्यापूर्वी नोझल चेक काढा. हलक्या निळ्याची एक रेघ तुटलेली असली तरी चेहरे लाल येतात आणि तुम्ही फोटोशॉपमध्ये तासभर लाल कमी करत बसता. दुसरी नेहमीची भानगड अशी की फोटोशॉपही रंग सांभाळतं आणि प्रिंटरचा ड्रायव्हरही. दोघांनी एकाच वेळी सांभाळले की फोटो जांभळट-लाल होतो. एकाला गप्प बसवा. प्रोफाइल असेल तर ड्रायव्हरला, नसेल तर फोटोशॉपला. करिझ्मा अल्बम बाहेरच्या लॅबला पाठवत असाल तर यातलं काही तुमच्या हातात नाही. फाइल एसआरजीबीत जेपेग करून द्या आणि लॅबचं प्रोफाइल मागा. बहुतेक जण हसतील. मागायचं मात्र सोडू नका.

काही रंग कागदावर येतच नाहीत, हे गिऱ्हाइकाला आधी सांगून टाका. फाल्गुनात आपल्याकडे पळस फुलतो तेव्हा त्याचा जो केशरी-लाल असतो, तो चार-सहा शायांच्या मिश्रणात बसत नाही. तिथे प्रिंटरला दोनच वाटा असतात : सगळ्याच रंगांना थोडं थोडं आत ओढून पळसाला जागा करायची, किंवा बाकीचे जिथल्या तिथे ठेवून एकट्या पळसाला छाटायचं. पहिलीला परसेप्च्युअल म्हणतात, दुसरीला रिलेटिव्ह. झाडाच्या फोटोला पहिली आणि माणसांच्या फोटोला दुसरी घ्या, कारण पळसापायी नवरीचा चेहरा ओढला गेला तर कोण ऐकून घेणार?

काळ्याकडेही लक्ष द्या. वर्धा खोऱ्यातली पहिली कोळसा खाण १८७१ मध्ये आपल्याच गावात सुरू झाली. निदान वरोऱ्याच्या स्टुडिओत कोळसा कोळशासारखा छापला गेला पाहिजे. ढिगाऱ्याचा फोटो काढा आणि छापून पाहा. खडे वेगवेगळे दिसले तर प्रिंटर ठीक. सगळा मिळून एक डांबराचा डाग आला, तर नवरदेवाच्या काळ्या कोटाचंही तेच होतं आहे असं समजा.

मे महिन्यात कूलरसमोर कागदाचं पाकीट उघडं ठेवू नका. ओल्या हवेने कागद वळतो, शाई उशिरा सुकते, आणि रंग बसायला एखादा दिवस लागतो. गिऱ्हाईक बाकावर बसून "झालं का?" विचारत असताना प्रिंटच्या रंगावर निकाल देणं बरोबर नाही. कोणालाच ते जमत नाही, पण बरोबर नाही.

रंग न जुळण्याचं दुःख तुमच्या एकट्याचं नाही, एवढा धीर इथे देता येईल. १९३३ साली प्रभात कंपनीने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला. शूटिंग कोल्हापुरात, रंगीत प्रिंट निघाले जर्मनीत. समुद्रापलीकडे गेलेले रंग परत आले ते भलतेच होऊन, आणि प्रभातवाले पुन्हा काळ्या-पांढऱ्याकडे वळले. त्याआधी १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला; तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे आणि दगड जरा सरकला की लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर. तुमचं एक पाकीट ग्लॉसी वाया गेलं, त्याचं काय एवढं!

पायरी चौथी : मांडव

भर दुपारी लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात लग्न लागलं की सगळं वऱ्हाड अर्धं लाल आणि अर्धं पिवळं होतं. कापडातून गाळून आलेलं ऊन आहे ते, त्याला मॉनिटर काय करणार? पहिल्या फोटोत १८ टक्के राखाडी कार्ड धरा, मग एडिटिंगमध्ये त्या कार्डावर क्लिक केलं की बाकीचे रंग ठिकाणावर येतात. कार्ड नवरदेवाच्या हातात देऊ नका. आहेर समजून तो मागच्या भावाकडे देतो आणि ते परत येत नाही.

कार्ड नसेल तेव्हा बरेच जण एखाद्या आजोबांच्या टोपीवर क्लिक करतात, पांढरी आहे म्हणून. ती पांढरी नाही. तिला नीळ घातलेली आहे. निळसर टोपीला पांढरं मानलं की कॉम्प्युटर सगळ्या फोटोतला निळा कमी करतो आणि हळद न लागलेली माणसंही हळदीची दिसतात.

आता मामी. ती येते, प्रिंट हातात घेते आणि म्हणते, "भाऊ, पोरगी इतकी काळी काऊन दिसून राहिली? आमची पोरगी अशी नाई हाय." तुम्ही मनात म्हणता, आली गोरं करून मागायला. थांबा. आधी एक्स्पोजर पाहा. शेजारी पांढराशुभ्र शर्ट, मागे लखलखता स्टेज, त्यावर हॅलोजन. हा उजेड पाहून कॅमेरा आपण होऊन सगळा फोटो खाली उतरवतो, आणि सावळा चेहरा आहे त्याहून दोन छटा काळा होतो. म्हणजे पोरगी खरंच तशी नाही. तुमच्या स्टुडिओत आलेल्या सगळ्यांत, यंत्रं धरून, मूळ चेहरा लहानपणापासून पाहिलेली मामी एकटीच आहे.

आणि हे कॅमेऱ्याचं जुनं दुखणं आहे. फिल्मच्या काळात कोडॅक लॅबवाल्यांना रंग तपासायला एका गोऱ्या बाईचं छापील कार्ड पाठवत असे. पहिल्या बाईच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणायचे. शर्लीचे गाल बरोबर आले की मशीन बरोबर. सावळ्या-काळ्या माणसांचं काय होतं ते कोणी विचारत नव्हतं. तपकिरी रंगाच्या छटा सुधारल्या त्यामागे लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारी होत्या. त्यांच्या मालाचे फोटो नीट येत नव्हते. माणसांपेक्षा चॉकलेटची तक्रार आधी ऐकली गेली.

म्हणून स्वतःचं शर्ली कार्ड स्वतः करा. घरातली, शेजारची, वेगवेगळ्या वर्णाची चार माणसं सावलीत बसवा, फोटो काढा, आणि तीच माणसं समोर असताना प्रिंट जुळवा. हे एकदा नीट झालं की मामीला उजेड वाढवून द्या. चेहऱ्याच्या मधल्या छटा थोड्या वर आणा, रंगाला हात लावू नका. ती "आता कसं!" म्हणाली तर तुमचं एक्स्पोजर चुकलं होतं. त्यानंतरही "अजून थोडी गोरी" म्हणाली, तर तो विषय कॅलिब्रेशनचा नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये बटण आहे, ते कुठे आहे हे या मार्गदर्शिकेत मुद्दाम सांगितलेलं नाही.

पायरी पाचवी : वाघ

वरोऱ्याहून ताडोबाकडे जाणारे-येणारे पाहुणे हे तुमचं दुसरं गिऱ्हाईक. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलात लोक पहाटेपासून जिप्सीत धूळ खातात, पांढरपौनीच्या पाण्याशी वाघ बसलेला दिसतो, आणि परतीच्या वाटेवर त्यांना तो फ्रेममध्ये हवा असतो. मोबाईलवर ते वाघ दाखवतात तो झेंडूसारखा केशरी. मोबाईलचा स्क्रीनही दुकानात उठून दिसायलाच बनवलेला आहे. तुमच्या जुळवलेल्या मॉनिटरवर तोच वाघ गेरू-तपकिरी, पाठीवर धूळ, पोटाखाली पाण्याचा ओलावा. पाहुणा म्हणतो, तुमचा मॉनिटर खराब आहे.

वाद घालू नका. बाहेर जिप्सीचा ड्रायव्हर चहा पीत असेल, त्याला आत बोलवा आणि दोन प्रिंट दाखवा. तो बोट ठेवेल तो रंग खरा. पावसाळ्यानंतर बांबूच्या सावलीतले फोटो असतील तर वाघाच्या गालांचा पांढराही हिरवट असतो. त्यावर क्लिक करून तो साबणाने धुतल्यासारखा पांढरा करणारे बरेच आहेत. करू नका, बांबूचं जंगल आहे ते.

पायरी सहावी : उंबरठा

साडीच्या दुकानात बाया काय करतात ते पाहिलं आहे ना? पसंत पडलेली साडी उचलून दाराशी नेतात. दुकानदार कितीही "लाईट चांगला आहे, ताई" म्हणो, त्या ऐकत नाहीत. त्यांचंच बरोबर आहे. दोन रंग ट्यूबलाईटखाली सारखे दिसतात आणि उन्हात वेगळे पडतात, कारण प्रत्येक दिव्याच्या उजेडात सगळे रंग सारखे भरलेले नसतात. आनंदवनातून हातमागाची सतरंजी आणा, तिचा फोटो छापा, आणि दोन्ही ट्यूबखाली शेजारी ठेवा; जुळतील. मग उंबरठ्यावर न्या. सतरंजीच्या सुताचा रंग एकीकडे जातो आणि शाईचा दुसरीकडे.

छपाईच्या मोठ्या प्रेसमध्ये यासाठी ५००० केल्विनचे खास दिवे असतात. तुमच्याकडे सकाळी अकराच्या आधीचा उंबरठा आहे. थेट ऊन नको, सावलीतला उजेड. नमुना प्रिंट तिथेच दाखवा, तिथेच मामीची मागे सही घ्या. नवरदेवाची सही चालत नाही, त्याला घरी विचारावं लागतं.

बिलात 'कॅलिब्रेशन' असा शब्द लिहू नका. त्याचे पैसे कोणी देत नाही. 'सेटिंग चार्ज' लिहिलं तर देतात, घासाघीस करून.

पुरवणी : फ्लेक्स

वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सचं काम आलं तर घ्या, पण त्याचे रंग जुळवत बसू नका. फ्लेक्सवरच्या शायांत पिवळा आणि गुलाबी आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. चैत्रात चौकात लावलेले सगळ्या पक्षांचे नेते ज्येष्ठापर्यंत एकाच निळसर रंगाचे झालेले असतात. प्रोफाइल लागत नाही, मशीन लागत नाही, आणि आजवर एकाही मामीने त्याबद्दल तक्रार केलेली नाही.